लुइतकाठचे भूपेनदा

महाराष्ट्रात भूपेन हजारिका हे नाव काढलं की समोरचा माणूस लगेच 'रुदाली' म्हणतो. 'दिल हूम हूम करे' एकदा ऐकलं की मनातून जात नाही, तेव्हा यात नवल नाही. पण १९९३ साली राजस्थानच्या वाळूत नेऊन ठेवलेलं हे गाणं त्याआधी तीसेक वर्षं आसामात गायलं जात होतं. साठच्या दशकात 'मणिराम देवान' नावाचा असमिया चित्रपट आला होता. मणिराम हे चहाचे मळे लावणारे पहिले भारतीय. सत्तावन्नच्या उठावात इंग्रजांविरुद्ध कट केला म्हणून १८५८च्या फेब्रुवारीत त्यांना जोरहाटला फाशी दिलं. या चित्रपटात तीच चाल आहे आणि तिथे एक मुलगा आईला आपल्या छातीतली धडधड सांगतो. ती आई घरातली आहे आणि मातृभूमीही आहे. हिंदीत गुलजारांनी शब्द लिहिले आणि त्या धडधडीला एका बाईच्या प्रेमाचं आणि भयाचं रूप आलं. चाल मात्र दोन्हीकडे तितकीच खरी वाटते.

मी लग्नानंतर काही वर्षं आसामात तेजपूरला होते. यजमान सैन्यात होते आणि मी तिथल्या एका शाळेत हिंदी शिकवत असे. शिक्षिकांना तिकडे 'बाइदेउ' म्हणतात, म्हणजे थोरली बहीण. दूरच्या मुलखातून आलेल्या मला या बाइदेउंनी सांभाळून घेतलं, बांबूच्या कोंबाची भाजी खायला शिकवलं, आणि भाषाही शिकवली. ती शिकवणी निम्मी त्यांच्या बोलण्यातून झाली आणि निम्मी भूपेनदांच्या कॅसेटींवरून. शिकवणाऱ्या बाईच्या कानाला एक गोष्ट पहिल्याच दिवशी जाणवली. या माणसाच्या गाण्यात शब्द सुटा ऐकू येतो. आवाज खर्जातला, भरदार, पण हरकती-मुरक्या अगदी मोजक्या. ओळ संपते तिथे अर्थही संपतो आणि श्वासही. भाषा नुकती शिकायला लागलेल्या माणसालाही वहीत शब्द उतरवून घेता यावेत इतकं ते स्वच्छ. हे सहज घडलेलं नव्हतं हे मला पुढे त्यांच्याविषयी वाचत गेले तेव्हा कळलं, आणि आज लिहायचं आहे ते त्याबद्दलच.

आपल्याकडच्या भावगीताची रीत निराळी. कवी लिहितो, संगीतकार चाल लावतो, गायक गातो. गदिमांचे शब्द आणि बाबूजींची चाल एकत्र येते तेव्हा 'गीतरामायण' होतं, आणि दोन-तीन मोठी माणसं एका गाण्यात भेटतात याचाच आपल्याला आनंद असतो. आसामात मात्र शब्द, चाल आणि बऱ्याचदा गळाही एकाच माणसाचा, अशी मोठी परंपरा आहे. ज्योतिप्रसाद अगरवाला, बिष्णुप्रसाद राभा, पार्वतीप्रसाद बरुवा या तिघांनीही स्वतःच्या शब्दांना स्वतःच्या चाली दिल्या. भूपेनदा याच परंपरेतले. आपल्याकडे अशी माणसं शोधायची तर भावगीतात न शोधता शाहिरांत शोधावी लागतात. डफावर थाप मारून स्वतःचा पोवाडा स्वतः गाणाऱ्या शाहिराला समोरची माणसं कोण आहेत, त्यांना कुठला शब्द कळेल, कुठे थांबलं की ती साथ देतील, हे सगळं लिहितानाच ठाऊक असतं. भूपेनदांनी चित्रपट काढले, मासिक चालवलं, विधानसभेत बसले, कादंबरीला शोभेल असं आयुष्य जगले. पण मला ते आधी शाहीर वाटतात.

त्यांचा जन्म ८ सप्टेंबर १९२६चा, आसामच्या पूर्व टोकाच्या सदियाचा. दहा भावंडांत ते थोरले. वडिलांच्या नोकरीमुळे घर गुवाहाटी, धुबरी, तेजपूर असं नदीच्या काठाकाठाने फिरत राहिलं. आई अंगाई म्हणायची आणि बरगीत शिकवायची. पंधराव्या-सोळाव्या शतकात शंकरदेव आणि माधवदेव यांनी आसामात नामघरं उभी केली, नाटकं लिहिली आणि ही भक्तिपदं रचली. आपल्या अभंगाची आठवण व्हावी असं त्यांचं लोकांच्या जीवनातलं स्थान आहे, फक्त गाण्याची चाल जास्त संथ आणि शिस्तीची. दहाएक वर्षांच्या भूपेनने तेजपूरच्या एका समारंभात आईने शिकवलेलं बरगीत म्हटलं आणि ते ऐकायला ज्योतिप्रसाद आणि बिष्णु राभा समोर बसलेले होते. एखाद्या मुलाच्या नशिबात याहून मोठा योग काय असणार?

या दोघांबद्दल दोन शब्द सांगायलाच हवेत. ज्योतिप्रसादांचं घराणं मूळचं राजस्थानातलं, पण ते स्वतः पक्के असमिया. त्यांनी चहाच्या मळ्यात स्टुडिओ उभारून १९३५ साली 'जयमती' हा पहिला असमिया चित्रपट काढला. तेजपुरातलं त्यांचं 'पकी' नावाचं घर मी पाहिलं आहे. बिष्णु राभा बोडो समाजातले, गाणं, नाच, चित्र, राजकारण या सगळ्यांत बुडालेले, पुढे सशस्त्र क्रांतीच्या वाटेने गेलेले. एकाकडे सुबत्ता होती, दुसऱ्याकडे बंडखोरी, आणि दोघांनाही आपल्या भूमीतले सूर नव्या काळात आणायचे होते. १९३६ साली त्यांनी या मुलाला कोलकात्याला नेलं आणि त्याची पहिली ध्वनिमुद्रिका झाली. १९३९च्या 'इंद्रमालती' या ज्योतिप्रसादांच्या दुसऱ्या चित्रपटात तो गायलाही. त्याच सुमारास, वय वर्षं तेरा, त्याने स्वतःचं पहिलं लक्षात राहणारं गाणं लिहिलं. त्या वयातही त्यात फुलं-पाखरं नाहीत. स्वतःला आगीच्या युगातली ठिणगी म्हणवणारा, माणसामाणसांतले भेद संपवायला निघालेला मुलगा आहे.

गुवाहाटीच्या कॉटन कॉलेजात इंटर, मग बनारस हिंदू विद्यापीठात १९४४ला बी.ए. आणि १९४६ला राज्यशास्त्रात एम.ए. काही काळ गुवाहाटी आकाशवाणी. १९४९ साली ते शिष्यवृत्ती घेऊन न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले आणि १९५२ साली डॉक्टरेट मिळवली. त्यांच्या चरित्रात हा मजकूर एका ओळीत उरकतात. मला वाटतं तिथे थांबायला हवं, कारण त्यांच्या प्रबंधाचा विषय संगीत नव्हता. भारतातल्या प्रौढांच्या शिक्षणासाठी दृक्-श्राव्य साधनं कशी वापरता येतील, हा तो विषय होता. १९५१च्या जनगणनेत या देशात शंभरातली अठराच माणसं साक्षर होती. ज्याला वाचता येत नाही त्याच्यापर्यंत विचार पोचवायचा कसा, या प्रश्नावर पंचविशीतला हा तरुण तीन वर्षं अभ्यास करत होता. पुढचं सगळं आयुष्य त्याने त्याच प्रश्नावर घालवलं असं मी म्हणेन. गाणं, चित्रपट, मासिक, सभा, ही त्याची साधनं.

न्यूयॉर्कमध्ये त्यांना पॉल रोबसन भेटले. काळ्या समाजातला हा थोर गायक-नट त्याच कोलंबियात कायदा शिकलेला होता. मैदानात नाव कमावलेला, रंगभूमीवर ऑथेल्लो केलेला आणि हक्कांसाठी उघडपणे बोलणारा. १९५० साली अमेरिकी सरकारने त्यांचा पासपोर्ट काढून घेतला आणि त्यांना आपल्याच देशात कोंडून ठेवलं. गाणं हे समाज बदलण्याचं हत्यार आहे ही रोबसन यांची शिकवण भूपेनदा पुढे जन्मभर सांगत आले. रोबसन 'ओल मॅन रिव्हर' गात. १९२७च्या 'शो बोट' या संगीतिकेतलं हे गाणं, मिसिसिपी नदीकाठी ओझी वाहणाऱ्या काळ्या मजुराचं. मूळ गाण्यातला मजूर थकलेला, जगण्याला कंटाळलेला आणि मरणाला भ्यालेला आहे. रोबसन यांनी शेवटचे शब्द बदलले आणि त्या मजुराला झुंजायला लावलं. गाणाऱ्याने दुसऱ्याचे शब्द असे बदलावेत आणि सगळं गाणं उभं राहावं, हे त्या असमिया विद्यार्थ्याने जवळून पाहिलं.

त्यातून 'बिस्तीर्ण पाररे' आलं. लुइत म्हणजे ब्रह्मपुत्र, आसामी माणसाच्या तोंडी असलेलं तिचं जुनं नाव, तेही बरेचदा 'बुढा लुइत', म्हातारा लुइत. भूपेनदा या नदाला जाब विचारतात. दोन्ही काठांवर इतकी माणसं हालात आहेत, त्यांचा आक्रोश तुला ऐकू येतो, तरी तू मुकाट्याने वाहतोस कसा? रोबसन यांच्या मजुराने नदीच्या निर्विकारपणाकडे हताशपणे पाहिलं होतं. इथे गाणारा काठावर उभा राहून तिची कानउघाडणी करतो. या गाण्यावरचं परदेशी ऋण भूपेनदांनी कधी लपवलं नाही, आणि ते लपवायची गरजही नव्हती, कारण गाणं आता त्यांच्या मुलखाचं झालं होतं.

ते त्या मुलखाचं का झालं हे तिथे राहिल्याशिवाय पुरतं कळत नाही. पावसाळ्यात तेजपूरला नदीकाठी गेलं की पलीकडचा काठ दिसत नाही. दरवर्षी पूर, दरवर्षी काठ ढासळतो, काल शेत होतं तिथे आज पाणी असतं. आमच्या शाळेतल्या कितीतरी मुलांच्या घरी हलवलेल्या गावाच्या गोष्टी होत्या. खुद्द भूपेनदांचं जन्मगाव सदिया अशाच पाण्यात गेलं. १५ ऑगस्ट १९५०च्या रात्री आसाम-तिबेट सीमेवर ८.६ तीव्रतेचा भूकंप झाला, डोंगर खचले, नद्यांची पात्रं गाळाने वर आली आणि जुनं सदिया शहर नदीने गिळलं. त्या वेळी ते न्यूयॉर्कमध्ये शिकत होते. नदीला जाब विचारणारा हा माणूस कुठल्या नदीशी बोलतो आहे ते यावरून ध्यानात यावं.

याच गाण्याचं बंगाली रूप शिवदास बॅनर्जींनी केलं, हिंदी रूप पंडित नरेंद्र शर्मांनी. तिथे लुइतची गंगा झाली. त्यामुळे ते देशभर पोचलं, दूरदर्शनवर वाजलं, महाराष्ट्रातल्या घराघरांत ऐकलं गेलं, हे फार चांगलं झालं. तरी माझं मत आहे की गंगेच्या रूपात त्यातली एक गोष्ट हरवली. गंगेला आपण हात जोडतो. तिला प्रश्न विचारला की तो व्यासपीठावरचा प्रश्न होतो, भव्य आणि थोडा दूरचा. लुइतला विचारलेला प्रश्न घरातल्या कर्त्या माणसाला विचारल्यासारखा आहे, ज्याने पोसलंही आणि छळलंही. असमिया गाणं ऐकताना गाणाऱ्याच्या रागात हक्क ऐकू येतो.

'दोला हे दोला' हे त्यांचं दुसरं गाणं, ज्यावर मी तासभर बोलू शकेन. दोला म्हणजे पालखी. गाणं राजाची पालखी वाहणाऱ्या भोयांचं आहे आणि ते भोयांच्याच चालीने चालतं. ताल पावलांचा. ओळी आखूड, कारण खांद्यावर वजन असलेल्या माणसाला लांब श्वास घेता येत नाही. मधूनमधून भोयांची हाळी येते, तिला अर्थ नाही, पण सगळ्यांची पावलं एकत्र पडावीत म्हणून ती लागते. डोंगराची चढण, आत रेशमात झळकणारा राजा, बाहेर घामाने निथळणारे देह. आणि मग अगदी सहज, जाता जाता, एक भोई सांगतो की यंदाच्या बिहूला पोराला सुती सदराही देता आला नाही. तो रडत नाही, चालही मंदावत नाही. मी गाण्याचा हा भाग वर्गात मुलांना हिंदीत समजावून सांगत असे आणि वर्ग शांत व्हायचा, कारण बिहूला नवा कपडा न मिळणं म्हणजे काय हे त्यांच्यातल्या काहींना पाठ होतं. शेवटी गाणं इशारा देऊन थांबतं. हा खांदा घसरला तर पालखी गडगडत खाली जाईल आणि पुन्हा उठणार नाही.

आता यातली चाल वेगळ्या संगीतकाराने केली असती तर? कदाचित अधिक गोड झाली असती. पण आखूड श्वासाची ती ओळ लिहायला, तिच्यावर पावलाचा ताल बसवायला आणि तिथेच आवाज किंचित दाबून गायला एकच माणूस हवा होता. शब्द, सूर आणि गळा एका ठिकाणी असण्याचा फायदा मला 'दोला'त सर्वांत स्पष्ट दिसतो.

१९५३च्या सुमारास ते परतले. गुवाहाटी विद्यापीठात थोडे दिवस शिकवलं, ते सुटलं आणि पुढे कित्येक वर्षं कोलकाता हे त्यांचं ठिकाण झालं. याच काळात ते इप्टाच्या, म्हणजे भारतीय जननाट्य संघाच्या कामात होते. या संघाची स्थापना १९४३ साली मुंबईची. अमर शेख, अण्णा भाऊ साठे, गव्हाणकर यांचं लाल बावटा कलापथक त्याच वाऱ्यातलं, आणि आसामात त्याच वाऱ्यात भूपेनदा, हेमांग बिस्वास वाढले. इप्टाचं १९५५चं अखिल आसाम अधिवेशन गुवाहाटीला झालं तेव्हा स्वागत समितीचं काम भूपेनदांकडे होतं.

गाण्याने माणसांपर्यंत पोचायचं, ही गोष्ट १९६० साली कसोटीला लागली. आसामात भाषेवरून दंगल पेटली. असमिया आणि बंगाली माणसं शेजार विसरून एकमेकांवर उठली. हेमांग बिस्वास बंगालीभाषक, भूपेनदा असमिया. दोघांनी कलावंतांचा जथा गोळा केला आणि ते ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात गावोगाव फिरले. त्यासाठी त्यांनी 'हाराधन-रंगमन' हे गाणं रचलं. हाराधन फाळणीत उखडून आलेला बंगाली शेतकरी, रंगमन असमिया शेतकरी. हाराधन बंगालीत आपलं दुःख सांगतो, रंगमन असमियात आपलं, आणि ऐकणाऱ्याच्या ध्यानात येतं की दोघांची जमीनही तीच आणि पूरही तोच. भाषेच्या दंगलीत एकाच गाण्यात दोन्ही भाषा गाणं, तेही पेटलेल्या गावात उभं राहून. भूपेनदांच्या आयुष्यातला मला सर्वांत मोठा वाटणारा प्रसंग हा आहे, सगळ्या पुरस्कारांहून मोठा.

'मानुहे मानुहर बाबे' हे गाणंही साठच्या दशकातलंच. माणसानेच माणसाचा विचार केला नाही तर कोण करणार, एवढा साधा सवाल. त्याचं बंगाली रूप बांगलादेशातही इतकं रुजलं की २००६ साली बीबीसी बांग्लाच्या श्रोत्यांनी सर्वकाळच्या उत्तम गाण्यांची निवड केली तेव्हा ते अगदी वरच्या गाण्यांत आलं. असमिया माणसाचं गाणं बंगाली माणसांनी आपलं म्हणून निवडावं, हे हाराधन-रंगमनच्या पार्श्वभूमीवर वाचलं की डोळे भरून येतात.

चित्रपटांची यादी मोठी आहे. १९५६चा 'एरा बाटर सुर' त्यांनी लिहिला, दिग्दर्शित केला, संगीतही त्यांचंच, आणि त्यात लता मंगेशकरांना असमिया गायला लावलं. या चित्रपटापासून त्यांनी पश्चिम आसामातल्या गोवालपाड्याची लोकगीतं पुढे आणली. ही गाणी माहुतांची, म्हशी राखणाऱ्यांची, आणि नवरा हत्ती पकडायला रानात गेलेल्या बायकांची. शहरी असमिया श्रोता तोवर त्यांना गावंढळ समजत असे. गौरीपूरच्या जमीनदार घराण्यातल्या प्रतिमा बरुवा ही गाणी माहुतांकडूनच शिकल्या होत्या. भूपेनदांनी त्यांचा आवाज ओळखला आणि लोकांसमोर आणला. दुसऱ्याच्या गळ्यातलं सोनं ओळखून त्याला वाट करून देणं हाही कलावंताचा मोठेपणाच. पुढे 'शकुंतला', 'प्रतिध्वनी', 'लटिघटि' या चित्रपटांना राष्ट्रपती पदकं मिळाली. चहामळ्याच्या पार्श्वभूमीवरच्या 'चामेली मेमसाब'ने १९७५च्या चित्रपटांसाठीचा संगीताचा राष्ट्रीय पुरस्कार आणला. त्यात मळ्यातल्या आदिवासी मजुरांच्या झुमुरचा ठेका ऐकू येतो. १९६७ ते १९७२ ते अपक्ष आमदार होते, आणि गुवाहाटीत सरकारी चित्रपट स्टुडिओ व्हावा म्हणून त्यांनी केलेली खटपट फळाला आली. आसाम साहित्य सभेचे अध्यक्षही झाले.

पण ही सगळी समाजाची, लढ्याची गाणी वाचून कुणाला वाटेल की ते सदैव मूठ आवळूनच गात होते, तर तसं मुळीच नाही. 'बिमूर्त मोर निशाटि' हे त्यांचं प्रेमगीत अंधाऱ्या खोलीत हलक्या आवाजात बोलल्यासारखं आहे. त्यात रात्रीला विणलेल्या चादरीचं रूप दिलं आहे. आसामात हे रूप प्रत्येकीला हाताशी आहे, कारण घरोघरी माग असतो. आमच्या एका बाइदेउंच्या घरी पडवीतच माग होता. त्यांच्या सासूबाई गमोसा विणताना हेच गाणं गुणगुणत. धोटा इकडून तिकडे जायचा आणि सूर त्याच्या मागून. शिलाँगच्या संध्याकाळवरचं एक गाणं आहे, तेही असंच. आणि 'मइ एटि जाजाबर', भटक्याचं गाणं. त्यात मिसिसिपी, व्होल्गा, मार्क ट्वेन, गॉर्की, गालिब सगळे येतात आणि आपलं वेरूळही येतं. तेजपूरला पहिल्यांदा ते नाव कानावर पडलं तेव्हा मी टेप थांबवून पुन्हा ऐकलं होतं. पण या भटक्याची नजर प्रवाशाची नाही. गगनचुंबी इमारतींची रांग पाहताना त्यांच्या सावलीत झोपलेली बेघर माणसं त्याला आधी दिसतात.

एप्रिलच्या मध्यात बोहाग बिहू येतो आणि गावोगाव मांडव पडतात. तेजपूरला अशाच एका रात्री मी त्यांना समोर ऐकलं. मैदानात लहान पोरं आईच्या मांडीवर झोपलेली, म्हाताऱ्या तामुल-पान चघळत बसलेल्या, आणि भूपेनदा येणार म्हणून कुणी उठायला तयार नाही. बरीच रात्र झाल्यावर ते आले. डोक्यावर ती नेहमीची टोपी, समोर हार्मोनियम. दोन गाण्यांच्या मध्ये ते बोलत, गप्पा मारल्यासारखे, आणि बोलता बोलता गाणं कधी सुरू झालं ते समजत नसे. ध्रुवपदाला सगळं मैदान गात होतं. मी आजूबाजूला पाहिलं. ज्यांना अक्षर वाचता येत नव्हतं अशा कितीतरी बायका तिथे होत्या, आणि त्यांना गाणं शब्द न् शब्द पाठ होतं. कोलंबियातल्या त्या प्रबंधाचं उत्तर त्या मैदानात बसलेलं होतं.

उत्तर आयुष्यात मुंबई हे त्यांचं घर झालं. कल्पना लाजमींच्या 'एक पल', 'रुदाली', 'दरमियाँ', 'दमन' या चित्रपटांना त्यांचं संगीत आहे, एम.एफ. हुसेन यांच्या 'गजगामिनी'लाही. १९९२च्या दादासाहेब फाळके पुरस्काराने देशाने त्यांना मान दिला. गुलजारांनी त्यांची बरीच गाणी हिंदीत आणली. ती ऐकावीत, पण मूळ असमिया गाण्यांनंतर. नव्वदच्या दशकातल्या काही ध्वनिमुद्रणांत वाद्यांची गर्दी फार झाली आहे आणि त्या आवाजाला त्या गर्दीची गरज नव्हती. २००४ साली ते भाजपच्या तिकिटावर गुवाहाटीतून लोकसभेला उभे राहिले आणि हरले. त्यांच्या जुन्या चाहत्यांना या निर्णयाने दुखावलं. तेजपूरच्या माझ्या मैत्रिणींची पत्रं तेव्हा त्याच विषयाने भरलेली असत. त्या रागावल्या होत्या, तरी पत्रात नाव 'भूपेनदा' असंच लिहीत होत्या.

५ नोव्हेंबर २०११ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं. देह गुवाहाटीला नेला, जजेस फील्डवर ठेवला, आणि दर्शनाची रांग संपेना म्हणून अंत्यविधी पुढे ढकलावा लागला. ९ नोव्हेंबरला जालुकबाडीला अंत्यसंस्कार झाले तेव्हा जमलेल्या माणसांचा अंदाज पाच लाखांच्या घरात होता. २०१७ साली लोहित नदीवर धोला ते सदिया असा ९.१५ किलोमीटरचा पूल खुला झाला, त्याला त्यांचं नाव आहे. २०१९ साली त्यांना मरणोत्तर भारतरत्न मिळालं, त्याच वर्षी आपल्या नानाजी देशमुखांनाही.

कुणाला आता ऐकायला सुरुवात करायची असेल तर माझं सांगणं असं. आधी 'दोला हे दोला' असमियातच ऐका, अर्थ न वाचता, नुसता ताल आणि हाळी. अर्थ नंतर वाचा आणि पुन्हा ऐका. मग 'बिस्तीर्ण पाररे' आणि त्याचं हिंदी रूप एकामागोमाग लावा. रोबसन यांच्या आवाजातलं 'ओल मॅन रिव्हर' मिळालं तर त्यांच्या मध्ये लावा. प्रतिमा बरुवांची माहुतगीतं सोडू नका. आणि गंभीर गाण्यांनी जड वाटू लागलं तर ऑटोरिक्षाचं गाणं लावा. शिकलेले दोन भाऊ नोकरीची वाट न पाहता गुवाहाटीत रिक्षा चालवायला लागतात, एवढीच त्याची गोष्ट. आमच्या शाळेच्या सहलीत मुलं तेच गाणं सर्वांत मोठ्याने म्हणायची आणि बसचा ड्रायव्हर हॉर्नवर त्याचा ठेका धरायचा.